साताऱ्यात नव्याने आलात? आधी तळं गाठा

बदलीवर आलेले असोत, एमआयडीसीत नोकरी लागलेले असोत की लग्न होऊन आलेल्या मुली, साताऱ्यात पाऊल टाकलं की पहिल्याच आठवड्यात कुणी ना कुणी म्हणतंच, "कासला जाऊन आलात का?" जा की, पण घाई नको. कासचं फुलांचं पठार कुठे पळून जात नाही. सामान लागलं, गॅसचं कनेक्शन झालं, पोरांच्या शाळेचं मार्गी लागलं की आधी घराजवळचं तळं शोधा आणि रोज ठरल्या वेळी तिथे चालायला लागा. दूधवाला, दातांचा डॉक्टर, पोळ्या करणाऱ्या मावशी आणि आमचं दुसरं भाड्याचं घर, हे सगळे पत्ते मला तळ्याकाठीच मिळाले.

मी परभणीकडची. यांची नोकरी इथे म्हणून आलो आणि राहिलोच. आम्ही पहिल्यांदा राहिलो ते गोडोलीत, म्हणून माझं पहिलं तळं गोडोलीचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. काठाने चालायची वाट, शेजारी बाग, वर मान केली की किल्ला. फार मोठं नाही. तलाव म्हणजे नजर पुरणार नाही असं पाणी, अशी कल्पना असेल तर हिरमोड होईल. पण रोजच्या चालण्याला एवढंच बरं. फेरी लवकर संपते, त्यामुळे "अजून एक मारू" म्हणत म्हणत पाच होतात.

वेळ कोणती निवडता त्यावर तुम्हाला कोणता सातारा भेटणार ते ठरतं. अंधार असताना भरतीची पोरं असतात. पोलिसात किंवा सैन्यात जायचं म्हणून पळणारी, कानात काही नाही, नजर समोर. या जिल्ह्यात घरटी कुणीतरी फौजेत, त्यामुळे त्यांना वाटेत अडवून गप्पा मारायच्या नसतात, बाजूला व्हायचं. उजाडलं की पेन्शनर मंडळी. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. निवृत्त मास्तर, सुभेदार, पाटबंधाऱ्यातले साहेब, एसटीतले कंडक्टर, सगळे एका बाकावर. मुलांच्या शाळेच्या गाड्या गेल्या की बायका येतात, ती आमची वेळ. संध्याकाळी मात्र सहकुटुंब गर्दी, फुगे, भेळ, सायकली. चालणं होत नाही, नुसतं इकडून तिकडे सरकणं होतं. लहान मूल घरात असेल तर तीच वेळ सोयीची, कारण तुमच्यापेक्षा आधी मुलाची ओळख होते आणि मग त्याच्या मित्राच्या आईशी तुमची.

बाकांचं एक सांगते. त्यांच्यावर नावं नसतात, पण मालकी असते. सावलीतला बाक सकाळी रिकामा दिसला तरी जरा थांबा. कुणी अडवणार नाही, "बसा की वहिनी" असंच म्हणतील, पण चार आजोबा समोर उभे राहून रक्तदाबाच्या गोळ्यांची चर्चा करायला लागले की तुमचं तुम्हालाच उठावंसं वाटेल.

दुसरी गोष्ट, बहुतेक लोक एकाच दिशेने फिरतात. तुम्हीही त्याच दिशेने चाललात तर महिनाभर लोकांच्या पाठीच बघाल. मी सुरुवातीला मुद्दाम उलटी चालायचे. प्रत्येक फेरीत तेच चेहरे समोरून येतात. पहिल्या दिवशी नजर चुकवतात, मग मान हलते, मग "आज उशीर?" येतं. हा प्रश्न आला की समजा, तुम्ही गावात आलात.

त्यानंतर येतो खरा प्रश्न, "मूळच्या कुठल्या?" शहरातून आलेल्यांना हा प्रश्न खुपतो. चौकशी चाललीय, जात काढताहेत असं वाटतं. कधी कधी तसंही असतं, खोटं कशाला बोलू. पण बहुतेकदा त्यांना तुम्हाला नकाशावर कुठेतरी बसवायचं असतं. तालुका कळल्याशिवाय इथे गप्पा पुढे सरकत नाहीत. मला विचारणारे तात्या पांढऱ्या टोपीतले, हातात कुत्र्यांसाठी काठी. मी म्हटलं, परभणी. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली, तळ्याकडे बघत जरा विचार केला आणि म्हणाले, "जिंतूरला माझा मेव्हणा ग्रामसेवक होता. लई ऊन हो तिकडं." झालं. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांची 'परभणीच्या बाई'. माझं नाव विचारायला त्यांनी पुढे कितीतरी महिने घेतले. तेव्हा तुम्हीही उत्तर देताना नुसतं "पुण्याहून आलो" म्हणू नका. पुण्याचे सगळेच असतात. आजोळ सांगा, तालुका सांगा, काहीतरी धागा निघतोच.

आता पाऊस. हा जिल्हा मोठा चमत्कारिक आहे. एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. दुसऱ्या टोकाला माण तालुका, तिथे पाचशेच्या आसपास. सातारा शहर मधे, पण डोंगराला टेकून. त्यामुळे जून ते सप्टेंबर इथे धो-धो कमी आणि भुरभुर जास्त, दिवसच्या दिवस. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांना पहिला पावसाळा जड जातो. कपडे वाळत नाहीत, उन्हाची आठवण यायला लागते. चालणं बंद करू नका. छत्री निरुपयोगी, वारा ती उलटी करतो. रेनकोट घ्या आणि तळव्याला खाचा असलेले बूट. काठाच्या फरशीवर शेवाळ धरतं, आणि दरवर्षी कुणाचा तरी हात गळ्यात बांधलेला दिसतो. भाद्रपदात आणखी एक लक्षात ठेवा, शहरातल्या जुन्या तळ्यांत आता गणपती विसर्जन करत नाहीत. मंगळवार तळ्यात एकेकाळी व्हायचं, ते न्यायालयात प्रकरण गेल्यावर बंद झालं. नगरपालिका कृत्रिम तळी काढते, तुमच्या भागातलं कुठलं ते आधी विचारून ठेवा, नाहीतर मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षातून फिरावं लागतं.

पाय जरा तयार झाले की पश्चिमेला महादरेकडे जा. यवतेश्वरच्या डोंगराखालचं दगडी बांधणीचं जुनं तळं, आणि भोवती खरंखुरं रान. हा परिसर सरकारने फुलपाखरांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला आहे. पाऊस उघडल्यावर ब्लू मॉरमॉन दिसेल, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं, तळहाताएवढं. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे. इथे बाग नाही, बाक नाहीत, भेळ नाही, म्हणून मला गोडोलीपेक्षा महादरे जास्त आवडतं. पण एकट्याने जायची जागा नव्हे. दोघी-तिघींनी, चांगलं उजेडात. या डोंगरांत बिबट्या आहे, आणि ती अफवा नाही.

तेच अजिंक्यताऱ्याबद्दल. पहाटे किल्ला चढून येणारे सातारकर कितीतरी आहेत, तुम्हालाही आग्रह होईल. दम नसेल तर चार भिंतीपर्यंत जा. किल्ल्याच्या उतारावर १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे तिथे. त्या वर्षी ८ सप्टेंबरला गेंडामाळावर इंग्रजांनी सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी. हे मला कुठल्या पाटीवरून नव्हे, चालता चालता एका निवृत्त इतिहासाच्या मास्तरांनी सांगितलं, श्वास लागलेला असतानाही एकेक तपशील नीट लावून. संध्याकाळी तिथून अख्खं शहर दिसतं. तुमचं घर कुठलं ते शोधायचा खेळ मुलांना फार आवडतो.

आणि आता कास. पठारावर फुलं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं त्यात कास आहे, त्यामुळे हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग. तुम्ही इथलेच रहिवासी झालात ना, मग मधल्या वारी सकाळी जा. तेरडा आणि सोनकी सगळ्यांना दिसतात. सीतेची आसवं मात्र बोटभर उंचीची, निळी-जांभळी, ओल्या कातळावर. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत, आणि बसताना पाय कुठे टेकतोय ते बघा.

पठारापुढे तलाव आहे. तिथे पोहायला उतरणारी, डबा खाऊन ताटल्या विसळणारी माणसं बघून सातारकर का चिडतात हे आल्या आल्या कळत नाही. या तलावाचं पाणी पंप न लावता, निव्वळ उताराने शहरात येतं आणि अनेक पेठांच्या नळाला तेच असतं. तुमच्या घरी कुठलं येतं, कासचं की दुसऱ्या योजनेचं, ते घरमालकांना विचारून घ्या; पाण्याच्या वेळा त्यावर ठरतात. परतताना यवतेश्वर घाटात कणसं भाजणारे असतात, तिथे थांबायला हरकत नाही, पण पावसाळ्यात दिवस मावळायच्या आत खाली उतरा. धुकं आलं की पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही.