स्लाव लोकांचा उगम आणि प्रसार : लिहिताना या चुका टाळा

युरोपच्या निम्म्याहून अधिक भूभागावर आज स्लाव्हिक भाषा बोलल्या जातात. पण इ.स. ५०० च्या आधीच्या एकाही ग्रंथात स्लाव लोकांचा निर्विवाद म्हणावा असा उल्लेख नाही. त्यानंतरच्या दोन-अडीचशे वर्षांत मात्र हेच लोक उत्तरेला बाल्टिक किनारा, पश्चिमेला एल्बे नदी आणि दक्षिणेला ग्रीसच्या टोकापर्यंत दिसू लागतात. इतक्या थोड्या काळात झालेल्या एवढ्या मोठ्या बदलाचं उत्तर देण्याची घाई होते. मग मराठीतल्या लेखांत, परीक्षेच्या नोट्समध्ये आणि नकाशांत त्याच त्या चुका उतरत जातात.

यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. ग्रंथांतलं नाव, बोलली जाणारी भाषा, उत्खननात सापडलेली मडकी-घरं आणि सांगाड्यांतला डीएनए हे चार वेगळे पुरावे आहेत. प्रत्येकाचा काळ आणि प्रदेश वेगळा, नेमकेपणाही वेगळा. एकातली फट दुसऱ्याने बुजवली की कहाणी सलग होते, पण मग ती तपासता येत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर चार रकाने आखा आणि प्रत्येक विधान त्याच्याच रकान्यात, सालासकट टाका. रकाने कुठे जुळतात हे त्यानंतर पाहायचं.

सुरुवात टॅसिटसपासून करणं

पहिल्या-दुसऱ्या शतकातले प्लिनी, टॅसिटस आणि टॉलेमी हे लेखक आजच्या पोलंडमधल्या विस्चुला नदीच्या आसपास 'वेनेती' नावाचे लोक असल्याचं सांगतात. पुढे ५५१ च्या सुमारास गॉथ लोकांचा इतिहास लिहिणारा जॉर्डेनीस सांगतो की वेनेतींना आता अनेक नावं असली तरी त्यांत मुख्य दोन, स्क्लावेनी (म्हणजेच स्लाव) आणि आंतेस. ही दोन विधानं जोडली की स्लावांचा इतिहास एका फटक्यात साडेचारशे वर्षं मागे जातो, आणि बहुतेक लेखांची सुरुवात नेमकी इथेच होते.

जॉर्डेनीस जुने ग्रंथ समोर ठेवून लिहीत होता. वेनेती हे नाव त्याने त्यांतून उचलून आपल्या काळातल्या लोकांना लावलं असण्याची दाट शक्यता आहे. टॅसिटसला तर हे लोक जर्मनांत मोजावेत की पूर्वेकडच्या भटक्या सार्मेशियनांत, हेच ठरवता आलं नव्हतं. शिवाय शेजाऱ्यांनी दिलेलं नाव लोक बदलले तरी टिकून राहतं. जर्मन लोक स्लावांना 'वेंड' म्हणत, ते याच जुन्या नावावरून आलेलं असू शकतं. त्याने नावाचं सातत्य दाखवता येतं, लोकांचं नाही. आणि एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरचे वेनेती तर वेगळेच. त्यांना विस्चुलाच्या वेनेतींशी जोडून स्लावांना व्हेनिसचे मूळ रहिवासी ठरवणारे लेखही फिरतात. त्या लोकांचे शिलालेख उपलब्ध आहेत आणि त्यांची भाषा स्लाव्हिक नाही.

सुरुवातीला भक्कम आधार हवा असेल तर सहाव्या शतकातला बायझंटाईन (पूर्व रोमन) इतिहासकार प्रोकोपियस घ्या. तो सांगतो की ५१२ च्या सुमारास हेरुली या जर्मानिक लोकांचा एक गट डॅन्यूबकडून उत्तरेला निघाला, सगळ्या स्क्लावेनी टोळ्यांच्या मुलुखातून गेला, मग बराच ओसाड प्रदेश ओलांडून वार्नी टोळीकडे आणि तिथून डेन लोकांकडे पोहोचला. या एका वाक्यात काळाचा अंदाज आहे, दिशा आहे आणि मध्य युरोपात मोकळी पडलेली जमीनही आहे. ती मोकळी जमीन लक्षात ठेवा, डीएनएच्या भागात ती पुन्हा लागेल.

मूळ प्रदेशावर नकाशात एक टिंब देणं

'बीच' वृक्षाचा युक्तिवाद अजूनही खूप ठिकाणी दिसतो. स्लाव्हिक भाषांत या झाडाचं नाव जर्मानिक भाषेतून उसनं आलेलं आहे, म्हणून मूळ स्लाव बीच उगवत नाही अशा भागात, म्हणजे साधारण कॅलिनिनग्राड ते ओडेसा या रेषेच्या पूर्वेला राहत असावेत, असा तो तर्क. पण जंगलाच्या सीमा हजार-दोन हजार वर्षांत सरकतात आणि झाडांची नावंही एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. शब्दांवरून काळाचे थर लावता येतात, जिल्हा काढता येत नाही.

दुसरं टोक म्हणजे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कीव्हमध्ये संकलित झालेला रूसचा, म्हणजे कीव्हभोवतीच्या मध्ययुगीन राज्याचा, जुना इतिवृत्तग्रंथ. त्यात स्लाव डॅन्यूबकाठचे मूळचे, असं म्हटलं आहे. घटनेनंतर सहाशे वर्षांनी, धर्मग्रंथातल्या वंशावळीला जोडून लिहिलेलं हे विधान मूळ प्रदेशाचा पुरावा म्हणून वापरू नका. नीपर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्यांची नावं मोठ्या प्रमाणावर बाल्टिक (लिथुआनियनच्या गटातल्या भाषांतली) आहेत, म्हणजे तिथे स्लाव नंतर पोहोचले. कार्पेथियनच्या पूर्वेपासून मध्य नीपरपर्यंतचा पट्टा, इतकंच लिहा. एवढी संदिग्धता पुराव्यातच आहे.

भाषेच्या बाबतीत आणखी एक नेहमीची चूक म्हणजे सहाव्या शतकातल्या टोळ्यांना 'पोलिश', 'रशियन' किंवा 'सर्ब' म्हणणं. राजा या अर्थाचे पोलिश 'क्रूल', चेक 'क्राल' आणि रशियन 'कोरोल' हे शब्द फ्रँक सम्राट शार्लमेनच्या 'कार्ल' या नावावरून आले, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. तो ८१४ साली वारला. म्हणजे हे नाव उसनं घेतल्यानंतर प्रत्येक शाखेने ते आपापल्या उच्चार-नियमानुसार बदललं, आणि ८०० च्या आसपासही या बोली एकमेकींच्या खूप जवळ होत्या.

मडकं सापडलं की माणूस ओळखला, असं समजणं

पुरातत्त्वाच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळे होतात, त्यामुळे इथे जरा थांबू.

सुरुवातीच्या स्लावांशी जोडल्या जाणाऱ्या 'प्राग-कोर्चाक' संस्कृतीची ओळख तीन गोष्टींवरून पटते. पहिली, हाताने घडवलेलं, नक्षी नसलेलं मडकं, ज्याचा सर्वांत रुंद भाग वरच्या बाजूला आणि गळा आखूड. दुसरी, जमिनीत खणून बसवलेलं जवळपास चौकोनी घर, बाजू साधारण तीन ते चार मीटर, एका कोपऱ्यात दगडी चूल. तिसरी, दहन करून अस्थी मडक्यात किंवा नुसत्या खड्ड्यात पुरण्याची पद्धत. ही यादी हातात आली की सगळीकडे स्लाव दिसायला लागतात.

पहिली अडचण मडक्याचीच. नक्षी नाही, चाकाचा वापर नाही, आकार साधा. असं मडकं कुणीही, कुठेही, कधीही बनवू शकतं. एकट्या मडक्यावरून शतक ठरवू नका. सोबत कालमापन झालेली धातूची आकडी, नाणं, रेडिओकार्बन किंवा लाकडातल्या वार्षिक वाढीच्या कड्या मोजून काढलेली तारीख आहे का ते पाहा.

दुसरी अडचण प्रदेशाची. ओडर नदीच्या दोन्ही बाजूंना, उत्तर पोलंड आणि ईशान्य जर्मनीत 'सुकोव्ह-जेजित्से' प्रकारच्या वसाहती मिळतात. तिथे खणलेली चौकोनी घरं नाहीत. जमिनीवरची बांधकामं आणि उथळ खड्डे आहेत, दफनं तर जवळपास सापडतच नाहीत. वरच्या यादीत यातलं फारसं काही बसत नाही, तरी पुढे हाच भाग स्लाव्हिकभाषक म्हणून लिखित नोंदींत येतो. एक ठरावीक स्लाव संच सगळीकडे असतो, ही कल्पना इथेच गळून पडते.

तिसरी अडचण तारखांची. पूर्व जर्मनीतल्या लुसाशिया भागात टोर्नोव्ह प्रकारचे मातीचे गोल कोट आहेत. एके काळी त्यांचा आरंभ सहाव्या-सातव्या शतकात धरला जाई. लाकडांच्या कड्या मोजल्यावर हे कोट मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकातले निघाले. स्थलांतराचे मानलेले कोट स्थलांतरानंतर दोन-तीनशे वर्षांनी बांधलेले होते. त्यामुळे १९८० पूर्वीच्या पुस्तकातून कोटाची तारीख घेत असाल तर कड्यांवरून नवी तारीख आली आहे का हे तपासल्याशिवाय छापू नका.

आणि एक नमुना जवळून पाहा. चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियात, ब्रेत्स्लाव शहराजवळच्या लानी इथे २०१७ मध्ये प्राग पद्धतीच्या वसाहतीत गुराच्या बरगडीचा एक तुकडा मिळाला. रेडिओकार्बननुसार तो साधारण ६०० सालचा. त्यावर अक्षरं कोरलेली आहेत, आणि ती जर्मानिक रून लिपीच्या जुन्या वर्णमालेतली शेवटच्या भागातली आहेत, मुळाक्षरं गिरवावीत तशी क्रमाने. आता हे कोरणारा स्लाव होता की मागे राहिलेला जर्मानिकभाषक, की अशा दोन माणसांची गाठ पडली होती? हाड ते सांगत नाही. घर एका परंपरेचं आणि लिपी दुसऱ्या, हेच त्यातून कळतं आणि लेखातही तेवढंच यावं.

बायझंटाईन लेखकांचं वर्णन सरसकट वापरणं

प्रोकोपियस म्हणतो की स्क्लावेनी आणि आंतेस यांच्यावर एका माणसाची सत्ता नाही, ते एकमेकांपासून लांब, हलक्या झोपड्यांत राहतात आणि सारखी जागा बदलतात. ६०० च्या सुमाराचा, सम्राट मॉरिसच्या नावावर असलेला युद्धशास्त्राचा ग्रंथ सांगतो की हे लोक पोकळ वेत तोंडात धरून पाण्याखाली दडून राहतात. ही वर्णनं मोलाची आहेत, पण ती सरहद्दीवर लढणाऱ्या सैन्याच्या कामाची माहिती आहे. डॅन्यूबच्या उत्तर काठाबद्दल ती बरंच सांगते, विस्चुलाबद्दल काहीच नाही.

शिवाय हे चित्र स्थिर नाही. प्रोकोपियसने ५५० च्या सुमारास एकछत्री सत्ता नाकारली, पण ५८० आणि ५९० च्या दशकांतल्या नोंदींत अर्दागास्त, मुसोकियस असे नाव घेऊन सांगितलेले सरदार येतात. 'प्राचीन स्लाव समाज समतावादी होता' असं एक वाक्य लिहून मोकळं होता येत नाही. कोणत्या दशकात, हे सोबत लिहावंच लागतं.

आवारांना विसरणं, किंवा सगळं त्यांच्यावर ढकलणं

आवार हे पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेले भटके घोडेस्वार. त्यांचे दूत ५५८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आले, ५६८ मध्ये लाँगोबार्ड ही जर्मानिक टोळी इटलीकडे गेल्यावर आवारांनी पॅनोनियाचं (आजच्या हंगेरीतलं) मैदान घेतलं, ५८२ मध्ये सिर्मियम हे बायझंटाईन शहर घेतलं. ६२६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात स्लाव एका ओंडक्यात कोरलेल्या होड्यांतून आवारांच्या बाजूने लढले. एवढं वाचून स्लाव म्हणजे आवारांचे गुलाम असं लिहिलं जातं. पण त्याच सुमारास, ६२३-२४ मध्ये, सामो नावाचा फ्रँक व्यापारी आवारांविरुद्ध उठलेल्या स्लावांचा राजा झाला आणि ६३१ मध्ये वोगास्टिसबुर्ग इथे त्यांनी फ्रँक राजा दागोबेर्टच्या सैन्याला हरवलं. त्याच्याही आधी, ५५०-५१ चा हिवाळा स्लाव टोळ्यांनी बायझंटाईन साम्राज्याच्या हद्दीत काढला होता. तेव्हा आवार युरोपात पोहोचलेही नव्हते.

बल्गारांची गल्लतही इथलीच. ६८० च्या सुमारास अस्पारूख या सरदाराबरोबर डॅन्यूब ओलांडून आलेले बल्गार स्लाव नव्हते, तुर्की भाषा बोलणारे होते. खालच्या डॅन्यूबकाठी आधीच वसलेल्या स्लाव टोळ्यांवर त्यांनी राज्य उभारलं आणि कालांतराने राज्यकर्त्यांनी प्रजेची भाषा घेतली.

डीएनएचा टक्का संदर्भाशिवाय देणं

२०२५ मध्ये साडेपाचशेहून अधिक प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार सहाव्या ते आठव्या शतकांत पूर्व जर्मनी, पोलंड आणि क्रोएशियात स्थानिक जनुकीय वारशाच्या ८० टक्क्यांहून अधिक भाग पूर्वेकडून आलेल्या लोकांच्या वारशाने बदलला. या वारशाचा उगम दक्षिण बेलारूस ते मध्य युक्रेनच्या पट्ट्यात दिसतो. स्थलांतर झालंच नाही, फक्त ओळख पसरली, हे मत मध्य युरोपापुरतं आता टिकवणं अवघड आहे. या विषयातली ही अलीकडची सर्वांत मोठी भर आहे आणि ती ठळकपणे सांगायला हवी.

पण आकडा देताना तीन गोष्टी सोबत द्या. एक, ८० टक्के बदल म्हणजे ८० टक्के लोक मारले गेले असं नव्हे. तिथले बरेच लोक आधीच निघून गेलेले होते, हेरुलींना लागलेला ओसाड प्रदेश आठवा. दोन, सुरुवातीचे स्लाव मृतांचं दहन करत. जळलेल्या हाडांतून डीएनए सहसा मिळत नाही, त्यामुळे पहिल्या पिढ्या या अभ्यासांत जवळपास नाहीत आणि मोजमाप बरंचसं नंतरच्या दफनांवर उभं आहे. तीन, बाल्कनचं चित्र एकसारखं नाही. २०२३ च्या एका अभ्यासात आजच्या बाल्कन लोकांत हा पूर्वेकडचा वाटा साधारण ३० ते ६० टक्के आढळला, आणि दक्षिणेकडे ग्रीसमध्ये तो कमी होत जातो.

'रशियन आणि संस्कृत एकच' हा निरोप पुढे पाठवणं

अग्नी आणि 'ओगोन', नभ आणि 'नेबो', मधू आणि 'म्योद'. ही साम्यं खरी आहेत, पण ती दोन्ही भाषांना समान इंडो-युरोपीय पूर्वजाकडून मिळाली. एकीतून दुसरी निघाली नाही. आर१ए या पितृवंशाच्या खुणेचंही तसंच. भारतात प्रामुख्याने तिची झेड९३ शाखा आढळते आणि स्लावांत झेड२८२. या दोन शाखा पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या, स्लाव हे नाव इतिहासात येण्याच्या कितीतरी आधी. चाचणीत आर१ए आला म्हणून कुणी स्लाव ठरत नाही आणि कुणी रशियन त्यामुळे वैदिक ठरत नाही.

याच गटात 'वेलेसचा ग्रंथ' येतो. लाकडी फळ्यांवर लिहिलेला प्राचीन स्लाव वेद म्हणून त्याचा प्रचार होतो. मूळ फळ्या कुणीही दाखवू शकलेलं नाही आणि त्यातली भाषा निरनिराळ्या काळांतल्या रूपांची सरमिसळ आहे. भाषातज्ज्ञ तो बनावट मानतात. त्यातलं एकही अवतरण पुरावा म्हणून घेऊ नका.

नंतरच्या ग्रंथाला घटनेची तारीख देणं

सर्ब आणि क्रोएट लोकांना सम्राट हेराक्लियसने (६१०–६४१) बाल्कनमध्ये वसवलं, हे सगळीकडे थेट तथ्य म्हणून छापलेलं दिसतं. ही कथा सम्राट सातव्या कॉन्स्टंटाईनच्या ग्रंथात येते आणि तो ९५० च्या सुमारास लिहिलेला आहे. 'दहाव्या शतकातल्या परंपरेनुसार' हे शब्द वाक्यात असलेच पाहिजेत.

लिपीबाबतही कालक्रम उलटा होतो. ८६३ मध्ये मोराव्हियाला गेलेल्या सिरिल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने तयार केलेली लिपी ग्लागोलिटिक होती. सिरिल ८६९ मध्ये रोमला वारला. सिरिलिक लिपी त्यानंतर, ग्रीक अक्षरांच्या आधाराने बल्गेरियात घडली आणि तिला त्याचं नाव मिळालं. सातव्या शतकातल्या स्लावांच्या हातात सिरिलिक मजकूर दाखवणारं चित्र लेखाला लावलं असेल, तर ते काढून टाका.