लेकरांना वैऱ्याला माफ करायला कसं शिकवायचं (आणि घाबरायचं नाही हे पण)

'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे वचन संडे स्कूलमधल्या कुठल्याही लेकराला तोंडपाठ असतं, बायबलमधलं मत्तय ५:४४, नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर उभं राहून एका दमात म्हणून दाखवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पण शाळेत कुणी डबा सांडवला, कुणी "ए किरिस्ताव" म्हणून चिडवलं तर नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. मग लेकरू एक तर हाणामारी करून येतं नाहीतर मुकाट्यानं रडत येतं, आणि आपण दोन्ही वेळेला एकच म्हणतो, जाऊ दे सोन्या, माफ कर, येशूनं पण केलं ना. हे काही खरं नाही. भिऊन गप्प बसलेल्या लेकराला आपण माफ कर म्हटलं की ते एवढंच शिकतं की देवाच्या लोकांनी मार खायचा असतो. म्हणून आधी धीर शिकवा, मग क्षमा. क्रम उलटा केला की सगळंच बिघडतं.

सुरुवात वैऱ्याच्या नावापासून

लेकराचा वैरी कोण हे तुम्ही ठरवू नका, त्यालाच सांगू द्या. आपल्या डोक्यात वैरी म्हणजे रोमी शिपाई नाहीतर राजकारण, त्याच्या डोक्यात मागच्या बेंचवरचा पोरगा असतो, कधी कधी चुलतभाऊ असतो, आणि कधी आपणच असतो, हे पण ऐकायची तयारी ठेवा. "कामून रडायलास?" असं चारचौघांत विचारू नका. रात्री अंथरुणं टाकताना विचारा. आणि मधे बोलू नका, "तू पण काहीतरी केलं असशील" हे वाक्य तर अजिबात नको, ते नंतर विचारता येतं.

मग त्याला तसंच्या तसं देवापुढं बोलू द्या. लई जणांना वाटतं प्रार्थना म्हणजे गोड गोड बोलायचं, पण स्तोत्रं वाचून बघा. १३ व्या स्तोत्रात दावीद सरळ विचारतो की देवा किती दिवस मला विसरणार आहेस, आणि ५५ व्या स्तोत्रात तर जवळच्या मित्रानंच दगा दिला म्हणून तक्रार आहे. लेकरू म्हणालं "देवा मला त्याचा लई राग यायलाय" तर ती चांगली प्रार्थना झाली, आमेन म्हणा आणि झोपवा. त्याच रात्री क्षमेपर्यंत न्यायची घाई करू नका.

धीराची प्रॅक्टिस करावी लागते

धीर काय नुसत्या उपदेशानं येत नाही. अंगणात उभं करा, तुम्ही तो चिडवणारा पोरगा व्हा आणि लेकराला एकच वाक्य म्हणायला लावा, डोळ्यात बघून, आवाज न चढवता: "माझ्याशी असं बोलायचं नाही." बस. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा पुटपुटतं, चार-पाच दिवसांत आवाज निघतो. लेकरू म्हणेल की उलट बोललं तर पाप लागतं का? तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातलं दाखवा. महायाजकापुढं एका शिपायानं येशूला थोबाडीत मारली तेव्हा येशूनं हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही, मी चुकीचं बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं तोंडावर विचारलं. गाल पुढं करायचं वचन सगळ्यांना माहीत असतं, हा प्रसंग कुणी सांगत नाही.

धीटपणाचं जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर जालन्याचं आहे. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातला तरुण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याकडं येऊन गावकुसाबाहेरच्या लोकांत काम केलं आणि तिथंच जवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्या काळात हे करायला काय लागलं असेल ते मोठ्या लेकरांना विचारा, उत्तरं त्यांचीच येऊ द्या.

गोष्ट कुठली सांगायची

सहा-सात वर्षांपर्यंत मल्खाच्या कानाची गोष्ट पुरते. पेत्रानं तलवार काढून कान कापला, येशूनं पकडायला आलेल्या त्याच माणसाचा कान बरा केला. लहान लेकरांना कान फार आवडतो, परत परत सांगायला लावतात.

त्यापुढच्यांना दावीद आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल. मला विचाराल तर क्षमा शिकवायला याच्याएवढी चांगली गोष्ट नाही (१ शमुवेल २४). वेरूळ बघितलेल्या लेकराला तर गुहा डोळ्यासमोर उभी करून द्यायची पण गरज नाही. आत अंधारात दावीद आणि त्याची माणसं लपलेली, बाहेर ३००० सैनिक घेऊन शौल मारायला निघालेला, आणि तोच एकटा आत येतो. माणसं म्हणतात हाच मोका आहे. दावीद गुपचूप जाऊन फक्त झग्याचा काठ कापतो, आणि मग शौल बाहेर गेल्यावर लांबून हाक मारून सांगतो की बघ, तुला मारू शकलो असतो, मारलं नाही, मग तू माझ्यामागं का लागलास? शौल रडतो, म्हणतो तू माझ्यापेक्षा चांगला. इथं थांबून लेकराला विचारा, आता दावीद शौलाच्या घरी राहायला गेला असेल का? बहुतेक लेकरं हो म्हणतात. मग शेवटची ओळ वाचून दाखवा, शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांना घेऊन परत गडावर गेला. बदला घेतला नाही, पण मुक्कामालाही गेला नाही. लेकराला हे कळलं की त्याचं अर्धं ओझं उतरतं, कारण त्याला वाटत असतं की माफ केलं म्हणजे आता त्याच्याच शेजारी बसावं लागणार.

दहाच्या वरच्या लेकरांना योसेफ सांगा, आणि घाईनं सांगू नका. १७ वर्षांचा असताना भावांनी २० नाण्यांना विकला, ३० व्या वर्षी मिसरच्या राजापुढं, फारोपुढं उभा राहिला, मग ७ वर्षं सुकाळ आणि दुष्काळाला दोन वर्षं झाल्यावर भावांची ओळख पटवून दिली. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याकडं वेगळं सांगावं लागत नाही, २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं हे घरात कुणीतरी सांगतंच. तर धान्याच्या कोठाराची चावी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर त्याला विकणारे भाऊ रांगेत उभे. आणि तो लगेच मिठी मारत नाही. आधी पारख करतो, धाकट्या बन्यामीनाला हे लोक आता वाऱ्यावर सोडतात का ते बघतो, मधे बाजूला जाऊन रडतो. म्हणजे क्षमेला वीसेक वर्षं लागली तरी देवाच्या हिशोबात ती क्षमाच.

ओडिशातल्या मनोहरपूरची घटना, जानेवारी १९९९, बारा-तेराच्या वरच्यांनाच सांगा आणि झोपायच्या वेळी नको. कुष्ठरोग्यांत काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लेकरं, १० आणि ६ वर्षांची, गाडीत जाळून मारली गेली, आणि ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, काम चालू ठेवलं. कोर्टानं त्याचं काम केलं, शिक्षा झाली, क्षमेनं ती थांबली नाही, हे दोन्ही सोबत सांगा. आणि सांगताना 'ते लोक असेच असतात' हे तोंडातून निघालं तर गोष्ट न सांगितलेली बरी.

वैऱ्यासाठी प्रार्थना

राग जरा उतरला की त्या पोराचं नाव घेऊन एक छोटं मागणं मागायला लावा. 'त्याला सुबुद्धी दे' हे नको, त्यात टोमणा असतो. त्याच्या गणिताच्या पेपरसाठी मागा, त्याच्या बापाच्या सोयाबीनला पाऊस मागा. लेकरू नाही म्हणालं तर तुम्ही मागा, ते ऐकतंय ना बाजूला.

आणि जबरदस्तीनं सॉरी म्हणायला, शेकहँड करायला लावू नका. शिक्षक पण करतात, पाळक साहेब पण करतात, फोटो बरा येतो एवढंच.

आता अवघड भाग. बांधावरून भावकीशी बोलणं बंद असेल, रोज जेवताना चुलत्याचा उद्धार होत असेल, तर वरचं सगळं वाया गेलं समजा. मोजणी आणा, तहसीलला जा. हक्क सोडा असं मी म्हणत नाही. पण लेकरांसमोर त्या घराचं नाव घेऊन एकदा प्रार्थना करा, आणि त्यांच्याकडं दुखलं-खुपलं असलं तर जाऊन या, लेकराला सोबत घेऊन.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नाही. कुणी मोठ्या माणसानं लेकराला नको तिथं हात लावला, मारहाण केली, घाबरवून गप्प ठेवलं, मग तो नात्यातला असो की मंडळीतला, तिथं क्षमेचं नाव काढू नका. आधी लेकराला बाजूला काढा, १०९८ चाइल्डलाइनला फोन करा, पोलिसांत जा.

आणि शाळेतला तो पोरगा सुधरलाच नाही तर? लई वेळा सुधरत नाही. शिक्षकांना परत भेटा, बेंच बदलून घ्या, अंगणातली प्रॅक्टिस परत सुरू करा, आणि रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव राहू द्या.