प्रागमधील लेनन भिंत कशी पाहावी

चार्ल्स पुलावरून माला स्त्राना भागाकडे जाताना कांपा बेटावर उतरावे आणि लहानसा ओढा ओलांडून फ्रेंच दूतावासासमोरच्या चौकात यावे. माल्टाच्या सरदारसंघाच्या (एका जुन्या कॅथलिक धर्मसंघाच्या) मालकीची ही भिंत तिथेच आहे. दुपारी छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागते, म्हणून सकाळी लवकर गेलेले बरे.

८ डिसेंबर १९८० रोजी ‘बीटल्स’ या ब्रिटिश संगीतचमूतला गायक जॉन लेनन याची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाल्यावर तरुणांनी येथे त्याचे चित्र आणि गीतांच्या ओळी रंगवल्या. पाश्चात्त्य संगीताकडे संशयाने पाहणाऱ्या साम्यवादी राजवटीने भिंतीला पुनःपुन्हा चुना फासला, तरी नवी अक्षरे उमटतच राहिली, आणि ती राजवट शांततेने उलथवणाऱ्या १९८९च्या मखमली क्रांतीपर्यंत हा लपंडाव चालला. मूळ चित्र मात्र शोधू नये, ते थरांखाली केव्हाच गाडले गेले आहे. त्याऐवजी जवळ जाऊन कडेचे पोपडे पाहावेत. एकावर एक चढलेले रंग तिथे नीट दिसतात.

२०१९च्या दुरुस्तीनंतर स्प्रे रंगांना बंदी आहे. लिहायचेच असेल तर खडू किंवा पेन्सिल वापरावी, आणि निव्वळ स्वतःचे नाव कोरण्याचा मोह (तो आपल्याकडे गडांवरही दिसतो) आवरावा.