समाजवाद की भांडवलशाही: पहिल्यांदा मत देणाऱ्या मुंबईकराने हे कसं तपासायचं

नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आला, स्वतःला उघडपणे लोकशाही समाजवादी म्हणवणारा, आणि तेव्हापासून आपल्याकडे पण कॉलेजच्या कट्ट्यावर, फॅमिली ग्रुपवर हा वाद रंगतोय. विशीतली मुलं म्हणतात असंच काहीतरी इथे पाहिजे, घरातले मोठे म्हणतात तुम्ही रेशनच्या रांगा बघितल्या नाहीत, आम्ही स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं थांबलोय. दोघांचंही खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. म्हणून स्वतःचं मत कसं बनवायचं त्याची माझी पद्धत इथे लिहितेय, वापरून बघा.

सगळ्यात आधी लेबल बाजूला ठेवा. अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत १८ ते २९ वयाच्या लोकांपैकी भांडवलशाहीबद्दल चांगलं मत असणारे २०१० ला ६८ टक्के होते, २०१८ ला ४५ वर आले आणि समाजवादाबद्दल चांगलं मत असणारे ५१ टक्के निघाले. ही पोरं काही कारखाने ताब्यात घ्यायला निघालेली नाहीत, २००८ च्या मंदीत आईबाबांच्या नोकऱ्या जाताना बघितलेली, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, पगारातला मोठा हिस्सा भाड्यात जातो आणि आजारी पडलं की बिलाची भीती. त्यांना परवडणारं घर, दवाखाना, पाळणाघर पाहिजे. बरं, त्यासाठी ते ज्या डेन्मार्कचं उदाहरण देतात तिथल्याच पंतप्रधानांनी २०१५ मध्ये सांगितलं होतं की आमचा देश बाजार अर्थव्यवस्थेवर चालतो. म्हणजे धंदा खाजगी, पण कर भरपूर आणि त्यातून शाळा-हॉस्पिटल सगळ्यांना.

आणि आपल्याकडे तर लेबलचा काहीच उपयोग नाही. राज्यघटनेच्या उद्देशिकेत समाजवादी हा शब्द १९७६ मध्ये आला, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमामुळे नोंदणी करायची असेल तर प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा ठेवू असं लिहून द्यावंच लागतं. डावे, उजवे, मधले, सगळ्यांनी दिलंय.

म्हणून पक्षाला विचारू नका तुम्ही कोण, त्याचं एक आश्वासन उचला आणि चार गोष्टी विचारा: मालकी कोणाची राहणार, पैसे कोणाच्या खिशातून येणार, ते करायचा अधिकार या माणसाकडे आहे का, आणि वीस वर्षांनी त्याचं काय झालेलं असेल.

मालकीसाठी मुंबईत बस आणि वीज देणारी बेस्ट बघा. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ही कंपनी विकत घेतली, आणि खूप वर्षं वीज विभागाच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा. ममदानी जे फुकट बसबद्दल बोलतो त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट आपल्या आजोबांनी रोज वापरलीय. आता नाव बेस्टचंच आहे, पण बऱ्याच गाड्या आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, स्वतःच्या मालकीच्या गाड्या खूप कमी उरल्या. भाडं २०१९ ला कमीत कमी ५ रुपये केलं होतं ते मे २०२५ मध्ये १० झालं, एसीचं १२. त्यामुळे कोणी सार्वजनिक बस वाढवू म्हणालं की लगेच विचारायचं, गाडी कोणाची आणि ड्रायव्हरचा पगार कोण देणार. मला स्वतःला वाटतं शहराची बस शहराच्याच मालकीची पाहिजे, कारण कंत्राटदाराने हात वर केले की स्टॉपवर उभा राहणारा माणूस कोणालाच जाब विचारू शकत नाही.

पैशांचा प्रश्न कळायला तुमची सॅलरी स्लिप काढा. त्यात पीटी म्हणून बहुतेकांचे दर महिन्याला २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी जी कल्पना रेटली आणि ७२ च्या दुष्काळात जिने जोर धरला, की गावात काम मागेल त्याला काम द्यायचं, त्यासाठी शहरातल्या नोकरदाराने थोडे पैसे द्यायचे. कोण देणार, कोणाला मिळणार, कशाबद्दल, सगळं स्पष्ट. पुढे २००५ मध्ये देशभर रोजगार हमीचा कायदा झाला तो याच वाटेवरून. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण इथे कोणी फुकटचं आश्वासन दिलं नव्हतं, बिल कोणाच्या नावावर फाडायचं ते आधी ठरवलं होतं. आजच्या कुठल्याही योजनेला हीच कसोटी लावा, महिलांच्या खात्यात दर महिन्याला जाणारे पैसे असोत की उद्योगांना दिलेली सवलतीची जमीन असो.

वीस वर्षांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो समाजवादाकडे ओढ असलेल्यांनीच जास्त कडकपणे विचारायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. न्यूयॉर्कमध्ये सुमारे १० लाख नियंत्रित भाड्याच्या घरांचं भाडं गोठवायचं वचन ममदानीने निवडणुकीत दिलं, आणि तिथे २०१५, २०१६ मध्ये एक वर्षाच्या करारांना शून्य वाढ झालेली पण आहे. एक-दोन वर्षं गोठवलं तर भाडेकरूला श्वास घेता येतो. पण आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने भाडं थेट सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं आणि ते पन्नास वर्षं तसंच राहिलं, डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे आता वाजवी राहिलेलं नाही म्हटलं, मग १९९९ चा कायदा आला ज्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. तोपर्यंत गिरगाव, काळबादेवी, भेंडीबाजारात काय झालं ते बघून या. मालकाला भाड्यातून रंगाचे पैसे पण सुटेनात म्हणून दुरुस्ती बंद, भाडेकरू जागा सोडेना, पागडीचा, म्हणजे जागेचा ताबा देताना हातात घेतलेल्या रकमेचा, काळा व्यवहार, आणि दर पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी. हजारो गिरणी कामगार, कारकून या शहरात राहू शकले ते याच कायद्यामुळे, हे पण तितकंच खरं. म्हणून भाडं गोठवणार म्हणणाऱ्याला विचारायचं, किती वर्षं, आणि गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार.

अधिकाराबद्दल थोडक्यात. ममदानीला पण बस फुकट करायच्या तर राज्य सरकारची साथ लागते, कारण बस चालवणारी संस्था राज्याच्या हातात आहे, आणि श्रीमंतांवर कर वाढवायचा तरी तेच. आपल्याकडे तर महापौर जवळजवळ शोभेचा, १८८८ च्या कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. लोकल रेल्वेची, म्हाडा राज्याचं. नगरसेवकाने लोकलचं भाडं कमी करतो म्हटलं तर पुढचं ऐकायची गरजच नाही.

आता हेच चार प्रश्न भांडवलशाहीला लावा, नाहीतर तपासणी अर्धीच झाली. फोनचं बघा, १९९१ नंतर खाजगी कंपन्या आल्या आणि लँडलाईनसाठी वर्षानुवर्षं थांबणं संपलं, हे कबूल करायलाच पाहिजे. पण गिरण्यांच्या जमिनी पण बघा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या नियमात जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला असं होतं. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यातून बाहेर, आणि सार्वजनिक हिस्सा खूपच आटला. लोअर परळला मॉल आणि टॉवर झाले, कामगारांच्या घरांची लॉटरी अजून चालूच. ही काही बाजाराने आपोआप केलेली गोष्ट नाही, सरकारने नियम लिहून केलेली आहे, म्हणून मत मागायला येणाऱ्याला याचा जाब विचारता येतो.

घरी बोलताना वाद जिंकायला जाऊ नका, त्यांना त्यांची कंपनी, युनियन, चाळीचं भाडं, गोरेगावात समाजवादी नेत्या मृणाल गोरेंचा पाण्यासाठीचा मोर्चा यातलं काय आठवतं ते विचारा. आणि मत बदललं म्हणून कोणाला गद्दार म्हणू नका. १९३४ ला काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांत युसुफ मेहेरअली आणि मिनू मसानी दोघं होते, दोघं पाठोपाठ १९४२, १९४३ ला मुंबईचे महापौर झाले. मेहेरअली शेवटपर्यंत समाजवादी राहिले, मसानींनी १९५९ मध्ये राजाजींबरोबर खुल्या बाजाराचा स्वतंत्र पक्ष काढला. दोघांनी विचार करूनच केलं.

मग उमेदवार बिल्डिंगखाली आला की एकच विषय धरा, बस, दवाखाना किंवा भाडं, आणि चारही प्रश्न विचारा. उत्तर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. फेब्रुवारीत पालिकेचं बजेट येतं, २०२५-२६ चं ७४ हजार कोटींच्या वर होतं, ते वेबसाईटवर असतं, त्यात बेस्टला दिलेली रक्कम शोधा आणि ती अनुदान म्हणून आहे की कर्ज म्हणून ते बघा, कारण कर्ज असेल तर ते कधीतरी तिकीट वाढवून किंवा गाड्या कमी करून आपल्याकडूनच वसूल होणार.