पाँडेरोसाच्या रानात काम करायला येताय? पहिल्या आगीला जपा

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला पाँडेरोसा पाइन या जाड सालीच्या झाडांच्या जंगलांवर काम करायला येणाऱ्यांना मूळ गोष्ट ठाऊक असते. दर काही वर्षांनी गवतातून सरपटत जाणारी आग इथली नेहमीची. १८७० नंतर गुरामेंढरांनी गवत संपवलं, पुढे वनखात्याने आगी विझवल्या आणि १९१९ साली उगवलेली रोपं बेसुमार माजली. फ्लॅगस्टाफजवळच्या फोर्ट व्हॅली या संशोधनाच्या जंगलातल्या एका प्लॉटवर पूर्वी एकरी २३ च्या आसपास असलेली झाडं १९९२ पर्यंत साडेबाराशेवर गेली होती.

मग विरळणी करायची, म्हणजे जादा झाडं तोडायची, मुद्दाम आग लावायची, झालं? नाही. मी इथेच अडकले, म्हणून सविस्तर सांगते.

शंभर वर्षं आग न पाहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्या पाइनच्या बुंध्याशी हात खुपसून बघा. वर सुट्या सुया, खाली बुरशीने विणलेला काळपट थर, आणि त्यातच झाडाची बारीक मुळं. पूर्वी वारंवार लागणाऱ्या आगी इतकं काही साठूच देत नसत. आता तिथे ठिणगी पडली की ज्वाळा दिसत नाही, नुसतं तासन्‌तास धुमसत राहतं. जाड साल ज्वाळेला पुरून उरते, या मुरणाऱ्या उष्णतेला नाही. सालीखालचा जिवंत थर भाजतो, मुळं जळतात, शेंडा मात्र हिरवागार! झाड वाळतं ते वर्ष-दोन वर्षांनी, कधी आणखी उशिरा. तोवर खोडकिडे लागलेले असतात आणि सगळं खापर त्यांच्यावर फुटतं. ज्या झाडांसाठी एवढा खटाटोप, तीच जातात.

म्हणून मार्गदर्शक निवडताना त्याचे आग लावल्यानंतरच्या आठवड्याचे फोटो बघू नका. पाच वर्षांनी तो त्याच प्लॉटवर परत गेला होता का, ते विचारा. माझ्या मते दुसरी कसोटी नाही.

आगीच्या कामाआधी द्याव्या लागणाऱ्या, पाठीवर ४५ पौंड घेऊन ४५ मिनिटांत ३ मैल चालायच्या चाचणीला घाबरू नका. सात हजार फुटांवर सुरुवातीला सगळ्यांनाच धाप लागते, सरावाने जमतं.

पिवळसर, रुंद खवल्यांच्या सालीची झाडं आधीच हेरून ठेवा. काळ्या सालीची सहसा तरुण असतात. त्या म्हाताऱ्यांच्या बुंध्याभोवतीचा थर दाताळ्याने बाजूला ओढा, पण मुळं ओरबाडू नका. खालचा थर ओलसर असतानाच पहिली आग लावा. दाताळ्याच्या कामाचे तास आराखड्यातच लिहून घ्या. ऐनवेळी त्यासाठी माणसं मिळत नाहीत.