सिरीज आणि पॅरलल: पाठ करू नका, दोन बल्ब घ्या आणि जोडून बघा

भाचा दहावीला आहे, नौपाड्यात राहतो, परवा गेलो तर एकसर जोडणी (सिरीज) आणि समांतर जोडणीची (पॅरलल) सूत्रं घोकत बसलेला, अर्थ विचारला तर गप्प. म्हटलं पुस्तक मिट आणि चल जांभळी नाक्याला, सामान आणू.

सामान फार नाही. दीड व्होल्टचे दोन पेन्सिल सेल, टॉर्चचे दोन सारखे बल्ब, होल्डर आणि वायर. बल्ब फिलामेंटवालेच घ्या, एलईडी उलटा जोडला की पेटत नाही आणि आपण उगाच सर्किटला शिव्या घालतो.

आधी दोन सेल एकामागे एक जोडा, म्हणजे ३ व्होल्ट झाले, त्यावर एकच बल्ब लावा आणि उजेड नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याशीच ताडून बघायचंय. मग सिरीज, म्हणजे सेलच्या प्लसवरून पहिला बल्ब, त्यातून निघालेली वायर दुसऱ्या बल्बला, तिथून सेलच्या मायनसला. दोन्ही मिणमिणतात. इथे भाचा म्हणाला की पहिला जास्त पेटायला पाहिजे ना, करंट आधी त्याच्याकडे जातो. बल्बांची अदलाबदल करून दाखवली, काही फरक नाही. कारण रस्ता एकच, करंट दोघांतून तेवढाच जातो, वाटले जातात ते व्होल्ट, ३ मधले दीड-दीड. एक बल्ब काढला की रस्ताच तुटला, दुसरा पण गेला. (मीटर असेल तर बघा, करंट अगदी निम्मा होत नाही, थोडा जास्त दिसतो, कारण फिलामेंट कमी तापली की तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, पण कमी होतो.)

आता पॅरलल, दोन्ही बल्बांच्या आपापल्या दोन वायर थेट सेलला. दोघांना पूर्ण ३ व्होल्ट, दोन्ही झकास, एक काढला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. फुकट नाही हां हे, सेलमधून करंट दुप्पट जातो, सेल लवकर उतरतात.

भाचा अडला तो एकूण रोधावर. १० ओहमचे दोन, सिरीजमध्ये २० होतात हे कळतं, पण पॅरललमध्ये ५ कसे? अरे, स्टेशनच्या पुलाला दुसरा जिना उघडला की गर्दी लवकर उतरते की नाही, तसंच.

घरातले पंखे, दिवे, सॉकेट सगळे पॅरलल, फक्त बटण आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सिरीजमध्ये, म्हणून तर ते बंद केले की पुढचं बंद होतं. आणि म्हणूनच एका एक्स्टेन्शन बोर्डावर १००० वॉटची इस्त्री आणि १५०० वॉटची केटल लावली की २३० व्होल्टवर साधारण ४.३ आणि ६.५ मिळून ११ अँपिअरच्या आसपास करंट त्या एकाच ६ अँपिअरच्या पिनेतून जातो. माझी पिन एकदा वितळलीये, वास दोन दिवस घरात होता.

सिरीजचा खरा उपयोग बघायचा तर रिपेअरवाल्याकडे जा. त्याच्या सिरीज बोर्डावर जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब असतो, तुमचा मिक्सर त्या बल्बाच्या सिरीजमध्ये येतो. आत शॉर्ट असेल तर सगळे २३० व्होल्ट बल्बावर पडतात, तो फुल पेटतो पण करंट अर्ध्या अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून फ्यूज उडत नाही. बल्ब अजिबात नाही पेटला तर आत कुठेतरी वायर तुटलीये. हे त्याच्या दुकानात उभं राहून बघा, घरी मेनवर नको, घरी सेलच.