जुना ट्रक सगळं सोसतो, म्हणूनच या चुका टाळा

सावदा-फैजपूरकडे केळीची भरती चालू असते तेव्हा नव्या कोऱ्या गाड्यांच्या रांगेत एखादी वीस-पंचवीस वर्षांची टाटा १६१३ हमखास असते. जिनिंगच्या फाटकाबाहेर सरकीची पोती भरायला तीच, शहाद्याकडे उसाला तीच, आणि धुळ्याच्या बायपासला चाक काढून जॅकवर उभी असते तीही तीच. या गाड्यांवर खान्देशातली कितीतरी घरं उभी राहिली. म्हणून त्या हकनाक मरताना पाहवत नाहीत.

हकनाक म्हणतो, कारण ही घडण मुळात टिकण्यासाठीचीच आहे. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. करार १९६९ मध्ये संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, पण दोन लांब चॅनेलची चेसिस, पाट्यांचं (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) सस्पेन्शन आणि इंजिनात डिझेल सोडणारा ओळीतला पंप हा साचा तसाच राहिला. १२१०, १६१२, १६१३ त्याच वळणावर आल्या. त्यांतलं ६९७ इंजिन म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), साधारण ५.७ लिटर. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत मर्सिडीजचे नाकवाले ट्रक, पाकिस्तानात बेडफर्ड ज्या कारणाने रुजले तेच कारण इथेही आहे. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पाने आणि जाणता मिस्तरी मिळाला की गाडी रस्त्याच्या कडेलाही उघडता येते.

याच गुणाचा एक तोटा आहे. नवी गाडी बिघडली की दिवा लावते, ताकद तोडते, बंद पडते. जुनी गाडी बिघाड घेऊन महिनोन्‌महिने चालते. मग 'चालतेय ना, चालू द्या' ही सवय लागते आणि चूक ही चूक न राहता रीत बनते. खालच्या बहुतेक चुका अशाच, आपल्याकडे रीत झालेल्या.

थर्मोस्टॅट काढून फेकणे

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि गाडी गरम व्हायला लागते. पहिला सल्ला मिळतो तो हाच: थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनचं पाणी तापलं की उघडणारी झडप. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा रेडिएटरची वाट मोकळी होते आणि पाणी रेडिएटर टाळून परत फिरवणारी बायपासची वाट बंद होते. तो काढला की बायपास कायम उघडा. म्हणजे काही पाणी थंड न होताच पुन्हा इंजिनात शिरतं, आणि चढावर भरलेली गाडी उलट जास्त तापते. हिवाळ्यात याच्या उलट होतं. इंजिन नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, बोअरवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. बोअर-पिस्टन लवकर गेले की दोष कंपनीच्या मालाला दिला जातो.

गॅरेजला गाडी लावली की मिस्तरी विचारतो, "काय व्हयनं भाऊ?" आणि उत्तर मिळतं, "गरम होते." एवढ्यावर इलाज होत नाही. कधी गरम होते ते सांगा. फक्त लोडवर, चढावर तापत असेल तर बहुतेक वेळा रेडिएटरच्या नळ्या आतून बसलेल्या असतात. उभ्या गाडीला किंवा गर्दीत तापत असेल तर पंख्याचा पट्टा ढिला आहे का आणि पंख्याभोवतीचं कव्हर जागेवर आहे का ते बघा. मोडलेलं कव्हर परत न बसवलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ दिसतात. ते नसलं की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. सकाळी थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा, थोडी रेस द्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅसकेट गेलंय किंवा हेडला चीर आहे. ऑइल दुधाळ झालं असेल तर इंजिन चालूच करू नका.

आणखी दोन गोष्टी खास इकडच्या. जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहते तेव्हा कापसाचा तंतू जाळीला चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. समोरून तो दिसत नाही, कारण बऱ्याचदा जाळीच्या आतल्या थरात असतो. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला. समोरून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. दुसरी गोष्ट बोअरवेलच्या पाण्याची. आपल्याकडचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर धरतं तसाच तो इंजिनातही धरतो. कूलंट आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण महाग वाटतं, पण हेड प्लेन करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आणि तापलेल्या इंजिनात ढाब्याच्या हौदातलं गार पाणी ओतू नका. इंजिन चालू ठेवा, निवू द्या, मग झाकण.

धूळ कुठून शिरते ते न पाहणे

या इंजिनांना संपवण्यात धुळीचा वाटा फार मोठा. एअर फिल्टर सगळेच साफ करतात, तरी बोअर घासतो. कारण फिल्टरच्या पुढे, फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत (इंजिनात हवा शिरते तिथपर्यंत) जाणारा रबरी पाइप कोणी बघत नाही. तो खालच्या बाजूने तडकतो, क्लॅम्प ढिला होतो, आणि तिथून न गाळलेली हवा थेट आत जाते. तपासायला पैसे लागत नाहीत. पाइप काढा, आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ निघायला हवं. पिठासारखी मऊ करडी धूळ बोटाला लागली तर त्या दिवसापर्यंत जेवढी धूळ आत गेली तेवढा बोअर गेला असं समजा, आणि पाइप त्याच दिवशी बदला. ताणून तार बांधून काम भागवू नका.

कागदी फिल्टरला हवा मारताना आतून बाहेर मारा, कमी दाबाने. टायरवाल्याच्या पंपाने बाहेरून जोरात मारली की कागदाला बारीक भोकं पडतात. ऑइल बाथ (ऑइलात धूळ धरणारा फिल्टर) असेल तर खुणेएवढंच ऑइल घाला. खाली गाळ बसला की ऑइल बदला, वरून भर घालू नका.

पंपाचा स्क्रू फिरवणे

'पिकअप वाढवून देतो' म्हणणारा हमखास भेटतो. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं की चार दिवस गाडी पळते. पण तेवढं डिझेल जाळायला हवा तेवढीच राहते, म्हणून काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतं, पिस्टनच्या माथ्यावर भार येतो. पिकअप गेला असेल तर आधी फिल्टर, नोझल, टायमिंग आणि टॅपेट बघा. पंप शेवटी, आणि तोही कॅलिब्रेशनच्या बेंचवरच.

डिझेल संपून गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, की सेल्फ (स्टार्टर) मारत बसणं हीही तितकीच जुनी खोड. सेल्फ जळतो, बॅटरी उतरते. डिझेल भरा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळा. हेच पुन्हा पंपावरच्या स्क्रूला करा. दर दोन दिवसांनी एअर घेत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात कुठेतरी हवा शिरते. तिथे डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून जागा लवकर सापडत नाही. जोडावरचे वॉशर बदलून सुरुवात करा.

घाटात न्यूट्रल

इथे मात्र माझा सूर कडक आहे, कारण यात जीव जातात. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर ब्रेक निकामी होऊन हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसं गेली. बिजासन घाट उतरून आलेल्या गाड्या तिथूनच जातात. त्या एका अपघातात नेमकं काय काय चुकलं यावर मी बोलणार नाही. पण उतारावर ब्रेक कसे जातात ते प्रत्येक डायवरला माहीत असलंच पाहिजे.

न्यूट्रल करून डिझेल वाचतं ही समजूत साफ खोटी आहे. गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसेल तर पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला आयडलवर ठेवायला डिझेल लागतंच. वर इंजिनचा रोध गेला, सगळं वजन ब्रेकवर आलं. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पॅडल पुन्हा पुन्हा दाबून टाकीतली ब्रेक चालवणारी हवा संपते, आणि ती भरणारा कॉम्प्रेसर तर इंजिनवरच चालतो, तो आयडलवर किती हवा भरणार? कोंडाईबारी असो की बिजासन, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. उताराच्या तोंडाशी गिअर टाका, मध्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर तो चालू स्थितीत ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो वर्षानुवर्षं जाम असतो आणि मालकालाही त्याचा पत्ता नसतो.

हवेच्या टाकीचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा. थोडं पाणी निघणं साधं आहे. काळं ऑइल निघालं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या, आणि ते ऑइल आता व्हॉल्व्हची रबरं फुगवतंय. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा, पॅडल दाबून धरा आणि काट्याकडे बघा. काटा सरकत राहिला तर क्लीनरला प्रत्येक चाकापाशी कान लावायला सांगा, फुसकारा कुठून येतो ते कळेल. त्याआधी चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावून घ्या. ब्रेक आवळताना चारही चाकं आवळा. हाताशी येतात ती दोनच आवळली की गाडी एका बाजूला ओढते.

पाटा वाढवणे, चेसिसला वेल्ड मारणे

ओव्हरलोडसाठी एक-दोन पाटे वाढवले की गाडी बसत नाही, हे खरं. पण पाट्याने लवचिक राहून जो धक्का गिळायचा तो आता चेसिसवर जातो. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटपाशी, रिव्हेटच्या भोकापासून केसाएवढी चीर सुरू होते. गंजाची तांबडी रेघ दिसली की तीच. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीची कमाल मर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली. तुमच्या गाडीला आरसी बुकावर जो आकडा आहे तोच लागू. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,०००. केळीच्या एका फेरीचं भाडं यात कुठं जाईल ते मालकांना सांगायला नको.

चीर दिसली तर सरळ वेल्डिंग ओढू नका. चिरेच्या टोकाला बारीक होल मारा म्हणजे ती पुढे जाणार नाही, मग खाच करून वेल्ड करा, आतून पट्टी लावा. पट्टीची टोकं चौकोनी नकोत, तिरपी कापलेली हवीत. चौकोनी टोकाशी पुन्हा नवी चीर जाते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायला विसरू नका. पाटे नवे बसवल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-क्लॅम्प परत आवळा, नाहीतर सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकतो.

टायर आणि बॅटरी

दुपारी तापलेल्या टायरची हवा कमी करणं बंद करा. हवा सकाळी, थंड टायरला मोजायची. उन्हात ती वाढतेच आणि टायर ते धरून बनवलेला असतो. हवा सोडली की साइड जास्त दुमडते, आणखी तापते आणि फुटते. मागच्या जोडीत एक नवा, एक झिजलेला टायर लावला तर मोठा टायर एकटा वजन घेतो.

बॅटरीची चूक लहान वाटते, पण घरोघर आहे. गाडी २४ व्होल्टची असेल तर दोन बॅटऱ्या मालिकेत असतात. टेपला आणि मोबाइल चार्जरला १२ व्होल्ट लागतात म्हणून एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. ती बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते, दुसरी जास्त भरून पाणी उडवते, आणि दोन्ही एकदमच जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

जुनी गाडी घेताना

रंग आणि नवी बॉडी बघून सौदा करू नका. पहिल्यांदा चेसिस नंबर आरसीशी ताडा. मग गाडीखाली झोपून दोन्ही चॅनेल पुढून मागे टॉर्चच्या उजेडात बघा, ब्रॅकेटपाशी ताजा काळा रंग दिसला तर तो खरवडायला सांगा. इंजिन थंड असताना सुरू करून घ्या, गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर संध्याकाळी परत या. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, तेव्हा मागच्या काही वर्षांची सर्टिफिकेटं मागा. मधलं एखादं वर्ष गाळलेलं असेल तर त्या वर्षी गाडी कुठे आणि का उभी होती, हे विकणाऱ्याने नीट सांगितल्याशिवाय बयाणा देऊ नका.